नाण्यावरचा देव ओळखताना

निपाणीहून उत्तरेस निघालेला प्रवासी अवघ्या चाळीस किलोमीटरांत कोल्हापुरास पोहोचतो. तेथे पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४४-४५ च्या सुमारास या टेकडीत पितळी व काशाच्या वस्तूंचा एक साठा हाती लागला आणि राजाराम कॉलेजातील कन्नड पंडित प्रा. कुंदणगार यांच्या दक्षतेमुळे तो विद्वानांसमोर आला. त्यात एक वीतभरही नसलेली मूर्ती होती. दाढीधारी, विवस्त्र, एक हात उंचावलेला. त्या हातातील आयुध मात्र हरवलेले. हा देव कोणता?

देव ओळखावा तो आयुधांवरून, हे मराठी माणसास शिकवावे लागत नाही. म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र हातांत दिसले की कोल्हापूरची अंबाबाई, हे लहान मूलही सांगते. चर्चमध्ये हातात किल्ल्या असलेली मूर्ती संत पीटरची, हे तसेच. पण आयुधच नसेल तर? आणि असले तरी तेवढ्यावर भागतेच असे नाही. त्रिशूळ म्हटला की आपल्यापुढे शंकर उभा राहतो. ग्रीकांचा त्रिशूळधारी मात्र समुद्रदेव पोसायडन होय.

अशा वेळी जुनी नाणी साक्षीस येतात. रोमन सम्राट कॅलिग्युला याच्या काळात (इ. स. ३७ ते ४१) त्याचा आजा अग्रिप्पा याच्या नावे तांब्याची नाणी निघाली. त्यांवर रोमनांचा समुद्रदेव नेपच्यून उभा आहे. एका हातात त्रिशूळ, दुसऱ्यात छोटा डॉल्फिन. करिंथ शहराच्या नाण्यांवरही पोसायडन वारंवार येतो. अशा चित्रांशी व ग्रीक शिल्पांशी ताडून पाहिल्यावर ब्रह्मपुरीची मूर्ती पोसायडनची ठरली. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयात आहे.

रोमच्या ताब्यातील पूर्वेकडची शहरे आपापली तांब्याची नाणी पाडीत. एका बाजूस सम्राट, दुसऱ्या बाजूस गावचा देव. देवाचे नाव त्यांवर बहुधा नसते. असते ते गावकऱ्यांचे, आणि तीच मोठी खूण. एफेसस लिहिलेले असेल आणि मधे उरावर गोलकांच्या रांगा असलेली ताठ देवी, दोहों बाजूंस हरिणे असतील, तर ती आर्तेमिस. अलेक्झांड्रियाच्या नाण्यावरील दाढीवाल्याच्या डोक्यावर धान्याचे माप दिसले, आपली पायलीच म्हणा ना, तर तो सेरापिस. दंडाला सर्प वेटाळलेला असेल तर वैद्यदेव अस्क्लेपिओस. कोटाचा मुकुट घातलेली, हाती सुकाणू घेतलेली देवी म्हणजे नगराचे भाग्य. तिला रोमन ग्रामदेवता म्हणावयास हरकत नाही.

भारतात आलेली रोमन नाणी मात्र मुख्यतः अशा शहरांची नव्हेत. ती साम्राज्याची सोन्याचांदीची. त्यांत टायबेरियसचे चांदीचे नाणे पुष्कळ. त्यावर हातात राजदंड व डहाळी घेऊन बसलेली एक स्त्री आहे. ती शांतिदेवता की सम्राटाची माता लिव्हिया, यावर आजही एकमत नाही. शुभवर्तमानात येशूने कराचे नाणे मागवून, यावर मुद्रा कोणाची, असे विचारले. ते नाणे परंपरेने हेच समजतात. प्रश्न सम्राटाच्या बाजूचा होता, म्हणून उत्तर सोपे आले. मागची बाजू विचारली असती तर ते इतके झटपट आले असते, असे वाटत नाही. आपल्याकडे तेर व कोंडापूर येथे रोमन नाण्यांवरून उठवलेली मातीची पदके सापडली. ती गळ्यात घालणाऱ्यास ही स्त्री कोण वाटत असेल?

याच काळातील कोल्हापूरची स्वतःची नाणी पाहिली तर कोडे उलट होते. शिशाच्या त्या नाण्यांवर देव नाही. धनुष्यबाण आहे, डोंगराची खूण आहे, आणि विळिवायकुर या राजाचे नाव ब्राह्मी अक्षरांत आहे. बेळगावच्या वडगाव-माधवपूर भागातही सातवाहनकालीन नगराचे अवशेष उत्खननात निघाले. अशा नगरांतून व्यापारी घाट उतरून बंदराकडे जात असावेत. त्यांपैकी कोणी समुद्रदेवाची मूर्ती मोलाने घेतली, की कोणा परदेशी पाहुण्याने नवस म्हणून ती बरोबर आणली, हे त्या उंचावलेल्या रिकाम्या हातावरून वाचता येत नाही.