एकच पान, पुन्हा पुन्हा

गिंपमध्ये 'अ‍ॅनिमेटेड ब्रश' नावाचा एक प्रकार आहे. नाव ऐकून वाटतं, आता कॅनव्हासवर काहीतरी नाचणार! तसं काही होत नाही. काढलेलं चित्र गपचूप जागेवर पडून राहतं, हलतो तो फक्त आपला हात. मग हे असलं नाव का? आणि मुळात असा ब्रश लागला कशाला? त्यासाठी थोडं मागे जाऊ. थोडं म्हणजे, चांगलं पन्नास वर्षं :)

आधी एक गोष्ट. कॉम्प्युटरवरचा ब्रश हा बहुतेक वेळा ब्रश नसतोच, तो ठसा असतो. रांगोळीचे छाप असतात ना, तसा. सलग दिसणारी रेघ म्हणजे एकाच छोट्या चित्राचे एकमेकांना चिकटून मारलेले शेकडो ठसे. दोन ठशांमधल्या अंतराला 'स्पेसिंग' म्हणतात. ते वाढवून बघा, रेघेची मण्यांची माळ होते.

ही गोष्ट सुरू होते झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या पार्क या संशोधन केंद्रात. तिथे रिचर्ड शूपने १९७३ मध्ये 'सुपरपेंट' चालू केलं. एका पिक्सेलला ८ बिट, म्हणजे एका वेळी २५६ रंग. त्या काळी ही चैनच होती. झेरॉक्सला मात्र रंगांमध्ये भविष्य दिसलं नाही. शूपबरोबर काम करणारा अ‍ॅल्व्ही रे स्मिथ तिथून बाहेर पडला आणि न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमलच्या गटात आला. तिथे ८ बिटांचे तीन फ्रेमबफर जोडून २४ बिटांचा रंग मिळाला. मग १९७७ च्या सुमारास या दोघांनी चौथा आकडा जोडला, अल्फा. हा पिक्सेल खालचं चित्र किती झाकतो, एवढंच तो सांगतो.

एवढंच? हो, पण सगळं त्याच्यावर उभं आहे. अल्फा नसेल तर पानाचा ठसा चौकोनी कागदावर चिकटवल्यासारखा दिसेल. पुढे १९८४ मध्ये लुकासफिल्ममधल्या टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी एका चित्रावर दुसरं चित्र ठेवायचं गणित नीट मांडलं. १९९४ मध्ये फोटोशॉप ३.० मध्ये लेयर आले आणि तेच गणित सामान्य चित्रकाराच्या टेबलावर पोचलं.

तर आता ठसा होता, पारदर्शकता होती, लेयरही होते. अडचण एकच उरली. पन्नास वेळा उमटवलेलं एकच पान पन्नास वेळा तेच पान दिसतं! माणसाचा डोळा या बाबतीत फार दुष्ट आहे. झाडाची दोन पानं कधी सारखी नसतात हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. दोन हुबेहूब सारखी दिसली की खोटेपणा लगेच उघडा पडतो.

यावर उत्तर काढलं 'पेंटर'ने. मार्क झिमर आणि टॉम हेजेस यांच्या फ्रॅक्टल डिझाइन कंपनीने १९९१ मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर चक्क रंगाच्या डब्यात घालून विकलं जायचं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यात 'इमेज होज' आला. होज म्हणजे बागेला पाणी घालायचा पाइप. त्यातून पाण्याऐवजी चित्रं बाहेर पडायची, आणि एक नव्हे, अनेक. कुठलं चित्र कधी पडेल हे हाताच्या दिशेवर, पेनच्या दाबावर किंवा नुसतं नशिबावर ठरायचं. १९९८ मध्ये पेंट शॉप प्रो ५ ने 'पिक्चर ट्यूब' या नावाने तीच कल्पना घरगुती वापरणाऱ्यांपर्यंत नेली.

आणि इथे खरी गंमत झाली. चित्राच्या आतली पुनरावृत्ती गेली, पण ती चित्रांच्या मध्ये जाऊन बसली. तयार ट्यूब सगळ्यांकडे तीच, त्यामुळे तुमच्या ग्रीटिंग कार्डावरची वेल आणि माझ्या कार्डावरची वेल एकाच बागेतली. म्हणजे मूळ रोग तसाच, फक्त जागा बदलली.

म्हणून मला गिंपचं उत्तर आवडतं. स्पेन्सर किम्बल आणि पीटर मॅटिस या बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये गिंपचं काम सुरू केलं. डिसेंबर २००० मध्ये आलेल्या १.२ मध्ये त्यांच्या त्या प्रोजेक्टलाही हा पाइप मिळाला. फाइलचं एक्स्टेन्शन 'जीआयएच', म्हणजे गिंप इमेज होज. ब्रश बनवायचा कसा? एक साधं चित्र घ्या, प्रत्येक लेयरवर एक पान काढा आणि जीआयएच म्हणून एक्स्पोर्ट करा. बस्स! रेघ ओढता ओढता ठशातलं चित्र बदलत जातं, म्हणून ते नाव.

आतमध्ये आहे काय? आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा मल्टिडायमेन्शनल अ‍ॅरे. समजा, एका डायमेन्शनला ८ चित्रं दिली आणि निवड 'अँग्युलर' ठेवली. मग हात वर गेला की पहिलं चित्र, आणि पुढे दर ४५ अंशांना पुढचं. दुसऱ्या डायमेन्शनला ३ चित्रं आणि निवड 'रँडम'. एकूण २४ लेयर झाले. आता पानं वेलीच्या वळणाप्रमाणे वळतात आणि तरी सारखी दिसत नाहीत. रँडमऐवजी दाब किंवा वेगही देता येतो. थोडक्यात काय, तर अ‍ॅरे ब्रशचा आणि इंडेक्स आपला हात!

हीच पानं वेगवेगळ्या लेयरवर मारली की खोली येते. लांबची पानं खालच्या लेयरवर, लहान आणि ओपॅसिटी कमी. मधल्या लेयरला 'मल्टिप्लाय' मोड दिला की सावलीचा गच्चपणा येतो. जवळची मोजकी, ठळक पानं सगळ्यात वर. पानं ग्रेस्केलमध्ये ठेवली तर ठसा निवडलेल्या रंगात उमटतो, त्यामुळे तोच ब्रश तिन्ही लेयरना चालतो.

'हे सगळं कॉम्प्युटरच करतो, मग तुम्ही काय काढलं?' असं विचारणारे भेटतातच. तयार ब्रश असेल तर त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण ती २४ पानं तुम्ही स्वतः काढली असतील, तर कॉम्प्युटरने फक्त तुमच्याच पानांतून निवड केली. क्रिटाही जीआयएच वाचतं, त्यामुळे मेहनत एकाच सॉफ्टवेअरमध्ये अडकून पडत नाही.

असो. खिडकीबाहेर एखादं झाड असेल तर आठ पानांपासून सुरुवात करा. चोवीस नंतर होतील.