हवेतल्या मण्यांची कुळकथा

बदलापूर पूर्वेला संध्याकाळी एखाद्या सोसायटीच्या तळमजल्यावरचा अबॅकसचा क्लास बघावा. बाई भराभर आकडे सांगतात आणि पोरांची बोटं रिकाम्या बाकावर, कधी नुसत्या हवेत वळवळत राहतात. नवख्याला वाटावं, पोरांना काही झालंय. पोरं मणी सरकवत असतात. ते मणी समोर नसतात, त्यांच्या डोक्यात असतात. निदान क्लासवाले तसं धरून चालतात.

या मण्यांचं मूळ गाव चीन. तिथल्या सुआनपान नावाच्या अबॅकसात प्रत्येक दांडीवर वर दोन आणि खाली पाच मणी असत. सोळाव्या शतकाच्या आसपास ते यंत्र जपानात पोचलं आणि सोरोबान झालं. जपान्यांनी हळूहळू त्यातले मणी कमी केले. १८५० च्या सुमारास वरचा एक गेला, १९३० च्या सुमारास खालचा एक गेला. उरले वर एक आणि खाली चार. ही काटछाट फार हुशारीची होती. चारपर्यंतच्या वस्तू माणसाला एका नजरेत कळतात, पाचवी आली की मोजावी लागते. म्हणजे या नव्या दांडीवर मोजायला काही उरलंच नाही, फक्त बघायचं.

सात दाखवायचे तर वरचा पाचाचा मणी खाली आणि खालचे दोन वर. त्यात आठ मिळवायचे आहेत, पण खाली दोनच मणी शिल्लक. मग आठाचा ‘बिग फ्रेंड’ कोण? दोन. (क्लासमध्ये पोरं हाच शब्द वापरतात.) दोन मणी खाली टाकायचे आणि शेजारच्या दशकाच्या दांडीवर एक मणी चढवायचा. पंधरा! हातचा धरणं नाही, पुटपुटणं नाही. हे काही हजार वेळा झालं की लाकडी चौकट बाजूला ठेवायची आणि तीच दांडी मनात उभी करायची. जपानीत या मनातल्या हिशेबाला आनझान म्हणतात.

सोरोबानची कीर्ती झाली ती नोव्हेंबर १९४६ मध्ये. युद्धात हरलेल्या टोकियोत अमेरिकन सैन्याच्या वृत्तपत्राने एक सामना लावला. एका बाजूला विजेवर चालणारं गणकयंत्र घेऊन टॉमस वुड हा सैनिक, दुसऱ्या बाजूला पोस्टाच्या खात्यातला कारकून कियोशी मात्सुझाकी आणि त्याचा सोरोबान. सोरोबान ४-१ ने जिंकला. यंत्राच्या वाट्याला फक्त गुणाकार आला.

मात्सुझाकीच्या हातात निदान लाकूड होतं. ज्यांच्या हातात काहीच नसतं, त्यांच्या डोक्यात काय चालतं हे जपानी मानसशास्त्रज्ञ गियू हातानो यांनी तपासलं. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातले आनझानचे महारथी पंधराएक अंकी संख्या एकदा ऐकून परत म्हणत. पण आकड्यांऐवजी अक्षरं किंवा फळांची नावं दिली की तेही तुमच्याआमच्यासारखेच. स्मरणशक्ती वाढलेली नव्हती. आकड्यांपुरती एक पाटी तयार झाली होती, एवढंच.

१९९० च्या दशकात मलेशियातल्या कंपन्यांनी या विद्येचा फ्रँचायझी धंदा केला आणि दशक सरतासरता ती भारतात आली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ती रुजली यात नवल नाही. आई-वडील दोघंही सकाळच्या लोकलने मुंबईकडे गेलेले, घरी यायला रात्र. शाळा सुटल्यावर पोराचे दोन तास कुठेतरी नीट जायला हवेत. वर जाहिरातीत ‘मेंदूचा विकास’ असतोच.

गंमत अशी, की याच दिवेलागणीच्या वेळेला आपल्याकडे आधी दुसरी विद्या बसलेली होती. परवचा. शुभंकरोतीनंतर पाढे, आणि नुसते बे-तीन नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (म्हणजे साडेतीनचा पाढा). ‘औट दुणे सात’ म्हणणाऱ्या पोराला काहीही दिसायची गरज नव्हती. ती सगळी विद्या कानाची, तालाची. किराणा दुकानदार पावणेचार किलोचा भाव तोंडी सांगायचा तो याच जोरावर. आता त्याच वेळी डोळ्यांची विद्या आली आहे, आणि इथेच खरी मेख आहे. मनातले डोळे सगळ्यांना सारखे नसतात.

हे पहिल्यांदा पद्धतशीर विचारलं इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने, १८८० साली. आज सकाळचं न्याहारीचं टेबल आठवा, ते अंधुक दिसतं की लख्ख, रंग दिसतात का, असे त्याचे प्रश्न. काहींनी तासभर वर्णन करावं तसं लिहिलं. काहींना ‘मनात दिसणं’ ही नुसती बोलायची पद्धत वाटत होती, आणि त्यांत चांगले शास्त्रज्ञ होते. १९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्सने मनातलं चित्र किती लख्ख दिसतं हे मोजायला सोळा प्रश्नांची मोजपट्टी केली. काहीच न दिसण्याला ‘अफँटेशिया’ हे नाव मात्र २०१५ साली मेंदूतज्ज्ञ ॲडम झेमन यांनी दिलं. शंभरात एक ते चार माणसं अशी असावीत, असा अंदाज आहे. तो आजार नव्हे. पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचे एक संस्थापक एड कॅटमुल त्यांतलेच, आणि त्यांचं अख्खं आयुष्य चित्रपटांतली चित्रं करण्यात गेलं.

क्लासच्या जाहिरातीची परीक्षाही झाली आहे. वडोदऱ्यात मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बार्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०४ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला मनातला अबॅकस, दुसऱ्याला तेवढेच तास नेहमीचं गणित. तीन वर्षांनंतरचा, २०१६ साली छापलेला निकाल असा: अबॅकसवाल्यांचे हिशेब सुधारले, मेंदूची बाकीची ताकद जिथल्या तिथे राहिली. आणि फायदा जास्त कुणाला झाला? वस्तूंची जागा लक्षात ठेवण्याची क्षमता ज्यांची मुळातच चांगली होती, त्यांना.

जागा लक्षात राहणं आणि चित्र लख्ख दिसणं एकच नव्हे, हेही सांगायला हवं. अफँटेशिया असलेल्यांना पाहिलेली खोली आठवून काढायला सांगितली, तर सामान आणि रंग दोन्ही कमी येतात, पण वस्तू जागच्या जागी असतात. म्हणजे मणी न दिसताही एखाद्या पोराला ते कुठे आहेत हे कळत असेल. पण एखाद्याला दोन्ही नसेल आणि तरीही त्याला तिसऱ्या लेव्हलपर्यंत फी भरून हवेत बोटं हलवायला लावलं असेल, तर त्याला ते न जमणं हा आळस नव्हे आणि मठ्ठपणा तर नव्हेच.

म्हणून पालकांना एकच सांगणं. क्लासला घालून सहाएक महिने झाले की पोराला सहज विचारा, डोळे मिटल्यावर सात मांडलेली दांडी दिसते का, निदान मणी कुठे आहेत हे कळतं का? ‘हो’ म्हणालं तर खुशाल पुढे पाठवा. दोन्हींना ‘नाही’ म्हणालं तर रागावू नका. लाकडी अबॅकस त्याच्या हातातच राहू द्या, आणि रोज संध्याकाळी दहा मिनिटं परवचा म्हणून घ्या. त्याला फी लागत नाही.