विल्सन, जॉन
(११ डिसेंबर १८०४ – १ डिसेंबर १८७५). स्कॉटिश धर्मोपदेशक, प्राच्यविद्यापंडित व मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. जन्म स्कॉटलंडमधील लॉडर येथे. एडिंबरो विद्यापीठात शिक्षण. १८२८ मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा घेऊन १८२९ मध्ये ते पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईत आले. प्रारंभीचे काही महिने हर्णै-बाणकोटकडे राहून दोघे मराठी शिकले. मार्गारेट यांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. १८३५ मध्ये त्यांचे निधन झाले. विल्सन यांनी १८३२ मध्ये काढलेली इंग्रजी शाळा हे पुढील विल्सन महाविद्यालयाचे मूळ होय.

धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता. हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी त्यांचा लेखी वाद झाला. १८३९ मध्ये दोन पारशी विद्यार्थ्यांच्या धर्मांतरामुळे खटला उभा राहिला आणि अनेक पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. तरीही विद्वान म्हणून त्यांचा लौकिक वाढत गेला. गिरनारच्या अशोकलेखांचे ठसे त्यांनी घेतले. लिपितज्ञ जेम्स प्रिन्सेप यांना हे ठसे लिपिवाचनासाठी उपयोगी पडले. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते अध्यक्ष होते. मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी शब्दकोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत मराठी भाषेवरील त्यांचा विवेचक लेख आहे.

आजच्या पालघर जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचा लेख म्हणजे उत्तर कोकणातील वारली व कातोडी या रानात राहणाऱ्या जमातींविषयीचा वृत्तान्त (१८४३). त्यात वारल्यांना विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे विल्सन यांनी नोंदवली आहेत. देव कोणता, या प्रश्नाला वाघ्या असे उत्तर येते. तो शेंदूर व तूप लावलेला ओबडधोबड दगड. त्याला कोंबडे-बकरे द्यायचे, नारळ फोडायचा. तो वाघापासून राखतो, पीक देतो, रोगराई दूर ठेवतो. प्रश्न मिशनऱ्याचे असले, तरी उत्तरे वारल्यांची आहेत. डहाणू, जव्हार, बोईसर-तारापूर परिसरातील पाड्यांच्या इतिहासाचा अभ्यास करताना हा आरंभीचा लेखी पुरावा विचारात घ्यावा लागतो.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर विल्सन कला शाखेचे अधिष्ठाते व कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले. त्या काळी अध्यापन महाविद्यालयांत होई आणि विद्यापीठाचे मुख्य काम परीक्षा घेण्याचे असे. संस्कृत, फार्सी, हिब्रू, मराठी, गुजराती व हिंदुस्थानी या भाषांचे ते परीक्षक होते. १८६८ मध्ये ते कुलगुरू झाले. १८७० मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चने त्यांची आपल्या महासभेच्या अध्यक्षपदी निवड केली. त्यासाठी स्कॉटलंडला गेलेले विल्सन नंतर मुंबईला परतले व तेथेच निवर्तले. जातिसंस्थेवरील त्यांचा ग्रंथ मरणोत्तर, १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांची धर्मविषयक मते अनेकांना अमान्य होती आणि तो आक्षेप रास्तच आहे. मात्र लोकांची भाषा शिकून त्यांच्याच तोंडून माहिती घेण्याची त्यांची शिस्त मोलाची ठरते. मराठी-गुजरातीला संस्कृत-फार्सीच्या जोडीने परीक्षेत स्थान देणाऱ्या आरंभीच्या विद्यापीठाच्या जडणघडणीत तिचा वाटा होता.