दहिंवरांतील दुर्बीण

हिंवाळा लागला, आकाश निवळलें, म्हणजे घरांतल्या एखाद्या मुलास वा मुलीस दुर्बीण भेट द्यावी, असा विचार पुष्कळ पालकांच्या मनांत येतो. विचार उत्तम आहे. पण अशा कित्येक दुर्बिणी दोन महिन्यांत कपाटावर जाऊन बसतात, हेंहि आपण पाहतों. असें कां व्हावें? या प्रश्नाचें उत्तर मला सुमारें दोनशें चाळीस वर्षांपूर्वींच्या एका भेटीच्या हकीकतींत सांपडलें. तीच आज श्रोत्यांपुढें ठेवितों.

विल्यम हर्शेल हे इंग्लंडांतील बाथ शहरीं संगीताचा व्यवसाय करीत. स्वतः घडविलेल्या दुर्बिणीनें त्यांनीं १३ मार्च १७८१ रोजीं युरेनस ग्रह शोधिला. राजे तिसरे जॉर्ज यांनीं त्यांना वेतन बांधून दिलें, आणि ऑगस्ट १७८२ मध्यें त्यांचें बिऱ्हाड विंझरजवळच्या डॅचेट गांवीं आलें. धाकट्या भगिनी कॅरोलिनबाई यांचें वय तेव्हां बत्तीस. लहानपणच्या ज्वरानें वाढ खुंटलेली. उंची जेमतेम सव्वाचार फूट. बाथमध्यें गायिका म्हणून नांव होऊं लागलें होतें. तें सोडून त्या भावाबरोबर आल्या. बंधूंनीं त्यांच्या हातीं दोन भिंगांची एक साधी दुर्बीण दिली आणि धूमकेतु शोधण्याचें काम सांगितलें.

ही भेट बाईंना प्रारंभीं गोड वाटली नाहीं. आकाशाची ओळख नव्हती. पाहिलेला पदार्थ नकाशांत धुंडाळण्यांतच वेळ जाई. दहिंवर पडलेल्या गवतावर, हांकेच्या टप्प्यांत माणूस नसतां रात्री काढण्यास वर्षाचे शेवटचे दोन महिने येईपर्यंत आपणांस कांहींच उत्साह वाटला नाहीं, असें त्यांनीं प्रांजळपणें लिहून ठेविलें आहे. मग पालट कशानें झाला? त्याच अंगणांत थोड्या अंतरावर भाऊ आपले वेध घेत आहे आणि अडल्यास तत्काळ सांगेल, एवढ्या भरंवशानें!

दुसरा आधार वहीचा. २२ ऑगस्ट १७८२ पासून जें जें विशेष दिसेल तें त्या टिपूं लागल्या. पुढल्या वर्षीं बंधूंनीं खास त्यांच्यासाठीं आरशाची एक लहान दुर्बीण घडविली. सप्टेंबर १७८३ मध्यें बाईंना तिमिंगल राशीच्या दक्षिणेस, शिल्पकार तारकासमूहांत, एक लांबट अंधुक डाग आढळला. ती एक स्वतंत्र दीर्घिका आहे, हें विसाव्या शतकांत कळलें. इंग्लंडांत ती क्षितिजाजवळच राहते. आपल्याकडे डिसेंबरच्या आरंभीं सायंकाळीं चांगली वर येते.

आतां ३१ डिसेंबर १७८३ ची रात्र पाहा. जमिनीवर फूटभर वितळतें बर्फ, आभाळ झांकलेलें. दहाच्या सुमारास थोडे तारे दिसूं लागतांच भावानें वीस फुटी दुर्बिणीवरून कांहीं फेरफार करण्यास सांगितलें. बाई अंधारांत धांवल्या, घसरल्या, आणि यंत्राचा लोखंडी आंकडा त्यांच्या मांडींत रुतला. त्यांना उचलतांना सुमारें पांच तोळे मांस त्या आंकड्यालाच राहिलें. जखम त्यांनीं स्वतःच बांधली. शिपायाला अशी जखम झाली असती तर सहा आठवडे रुग्णालयांत राहण्याचा हक्क मिळाला असता, असें मागाहून एका वैद्यानें सांगितलें. बाईंना समाधान एकच, कीं पुढली रात्र ढगाळच राहिल्यामुळें भावाचे वेध बुडाले नाहींत!

१७८६ च्या उन्हाळ्यांत राजांनीं गटिंगेनच्या वेधशाळेस नजर केलेली एक दुर्बीण पोंचविण्यास विल्यम जर्मनींत गेले. घरीं एकट्या राहिलेल्या बाईंना १ ऑगस्ट रोजीं पहिला धूमकेतु दिसला. दुसऱ्या रात्रीं तो सरकल्याची खात्री करून त्यांनीं रॉयल सोसायटीच्या चिटणिसांस पत्र धाडलें. १७८७ मध्यें राजांनीं त्यांना सालीना पन्नास पौंड वेतन दिलें. १७९७ पर्यंत त्यांना आठ धूमकेतु सांपडले. त्यांपैकीं पांचांचा प्रथम मान निर्विवाद त्यांचा. १८२८ मध्यें रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनें सुवर्णपदक देऊन त्यांचा गौरव केला. ९ जानेवारी १८४८ रोजीं, सत्त्याण्णवाव्या वर्षीं, हॅनोव्हर येथें त्या निवर्तल्या.

सोबतीनें शिकलेली विद्या सोबत नसतांहि उपयोगी पडली, ती अशी. म्हणून श्रोतेहो, भेट द्यावयाची तर प्रथम साधी द्विनेत्री दुर्बीण पुरे. कृत्तिकांचा पुंज व मृगांतील तेजोमेघ तींत सुरेख दिसतात. १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशींतून होणारा उल्कावर्षाव पाहण्यास तर डोळ्यांखेरीज कांहींच लागत नाहीं. दुर्बिणीबरोबर एक वही द्या, नक्षत्रांचा नकाशा द्या, लाल कागद लावलेली विजेरी द्या. सोबत संस्थाहि देऊं शकते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून हौशी मंडळींस एकत्र आणीत आली आहे. परंतु पहिल्या दहा रात्रीं शाल पांघरून आपण स्वतःच मुलांबरोबर गच्चीवर उभे राहावें. दुर्बीण विकत मिळते. ही सोबत मात्र आपणांसच द्यावी लागते.