बंडीचं अंडाकृती चाक

गेल्या रविवारी माळा आवरताना एक फ्लॉपी सापडली. साडेतीन इंची, लेबलवर बॉलपेननं लिहिलेलं : "सीजी प्रोजेक्ट फायनल फायनल २". वाचायला ड्राइव्ह नाही, पण आत काय आहे ते न वाचताही माहीत आहे. कापसाने भरलेली एक बंडी, डावीकडून उजवीकडे जाणारी. (बंडी म्हणजे बैलगाडी हो, पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी. अंगात घालायची नव्हे :))

साल १९९९. यवतमाळ जिल्ह्यात तोवर इंजिनीअरिंग शिकायची सोय झाली होती. पुसदचं बाबासाहेब नाईक कॉलेज १९८३चं, यवतमाळचं जवाहरलाल दर्डा १९९६चं. माझं कॉलेज विदर्भातलंच एक, नाव कशाला हवं. कॉम्प्युटर ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल म्हणजे बोरलँडचं टर्बो सी. ते १९८७ साली आलेलं, म्हणजे आमच्या हाती पडलं तेव्हाच बारा वर्षांचं. सोबतीला नागपूरच्याच यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी', बहुतेक झेरॉक्स. आणि प्रत्येकाचा पहिला तास एकाच गोष्टीत जायचा : इनिटग्राफला ड्रायव्हरच्या फोल्डरचा पत्ता देताना उलट्या तिरक्या रेघा दोनदा द्यायच्या असतात, हे कळण्यात.

बंडीची कल्पना माझ्या पार्टनरची. त्याचे वडील खरोखरच कापूस घेऊन जिनिंगवर जायचे. त्याचा एक विषय आधीच राहिला होता. हे प्रॅक्टिकल गेलं असतं तर वर्ष गेलं असतं. त्यामुळे मी गमतीत होतो आणि तो नव्हता.

बंडी चालली, पण लुकलुकायला लागली. पुसायची, काढायची, पुसायची, काढायची, आणि ते सगळं डोळ्यांना दिसायचं. उपाय पुस्तकात होता. दोन पानं ठेवायची, एक दाखवायचं, दुसऱ्यावर गुपचूप चित्र काढायचं, मग अदलाबदल. पण ६४० बाय ४८० मध्ये टर्बो सी दुसरं पान देईना. का ते रात्री कागदावर मांडलं. १६ रंग, म्हणजे दर ठिपक्याला अर्धा बाइट. एक पान १,५३,६०० बाइट. दोन पानं ३,०७,२००. आणि मूळ व्हीजीए कार्डाची मेमरी २५६ केबी, म्हणजे २,६२,१४४. बसतच नाही! ६४० बाय ३५० घेतलं तर दोन पानं २,२४,००० मध्ये मावतात. मोड बदलला, लुकलुक गेली. आम्ही चहा प्यायलो.

परत आलो तर पार्टनर स्क्रीनकडे बघून म्हणाला, "अबे, हे चाक हाये का अंडं?"

चाक खरंच उभं अंडं झालं होतं. आता इथे थोडं मागे जायला हवं, १९६२ सालात. सॅन होजेला आयबीएममध्ये जॅक ब्रेसेनहॅम नावाचा इंजिनीअर १४०१ संगणकाला जोडलेल्या कॅलकॉम्प प्लॉटरकडून रेघा काढून घेत होता. प्लॉटरचं पेन आठच दिशांना एकेक पाऊल सरकू शके. तिरकी रेघ काढायची तर प्रत्येक पावलाला प्रश्न : सरळ जायचं की एक पाऊल वरही चढायचं? साधी पद्धत म्हणजे उतार अपूर्णांकात काढून दरवेळी मिळवत राहायचा. पण १४०१ ला गुणाकार-भागाकाराची सोयसुद्धा जादा पैसे देऊन घ्यावी लागे. ब्रेसेनहॅमनं काय केलं, तर खऱ्या रेघेपासून आपण किती चुकलोय ती चूक पूर्णांकातच सांभाळली. फक्त बेरीज, आणि आकडा शून्याच्या वर की खाली एवढंच बघायचं. हे छापून आलं १९६५ साली. वर्तुळाची तशीच रीत त्याने १९७७ मध्ये छापली.

आमच्या लॅबमधली ३८६ मशीनंही त्याच जातीची. गणिताची वेगळी चिप नव्हती, अपूर्णांक आला की रखडायची. म्हणून प्रॅक्टिकलमध्ये तयार सर्कल न वापरता ब्रेसेनहॅम स्वतः लिहायचा, ते बरोबरच होतं. पण ही रीत एक गोष्ट गृहीत धरते : आडवं पाऊल आणि उभं पाऊल सारखं. प्लॉटरवर ते सारखं होतं. ६४० बाय ४८० मध्येही सारखं. चार-तीन आकाराच्या मॉनिटरवर ३५० ओळी पसरल्या की मात्र प्रत्येक ठिपका रुंदीच्या सुमारे १.३७ पट उंच होतो. टर्बो सी चं सर्कल हे स्वतःच सांभाळून घेतं, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

दुरुस्ती पार्टनरने शोधली. उभं अंतर ३५ ने गुणून ४८ ने भागायचं, कारण ३५० भागिले ४८०. चाक गोल झालं, आणि बंडी मरतुकडी चालायला लागली. ब्रेसेनहॅमने हाकललेले गुणाकार-भागाकार मागच्या दाराने घरात! मग सुरुवातीलाच एकदा तक्ता करून ठेवला, आणि फिरताना फक्त तक्त्यात बघायचं. आऱ्यांसाठी साइनचाही तसाच तक्ता, २५६ ने गुणून पूर्णांक केलेला. तेव्हा कुठे बंडी वाटेला लागली.

परीक्षेला बाहेरचे सर आले. बंडी बघितली, हसले नाहीत. म्हणाले, सर्कल फंक्शन असताना एवढा खटाटोप कशाला? मी पुस्तकातली व्याख्या म्हणायला लागलो. पार्टनरने मला थांबवलं, कागद घेतला, दोन चौकोन काढले, एक चौरस आणि एक उभट, आणि मराठीतच समजावून सांगितलं. इंग्रजीत बोलायची त्याला भीती वाटायची. सरांनी सगळं ऐकलं, मग विचारलं, "बंडी रिकामी परत येते का?"

ते आम्ही केलंच नव्हतं. पार्टनरने दहा मिनिटं मागितली, सरांनी दिली. x वाढायचा तिथे कमी केला, कापूस काढला. आरे मात्र उलटे फिरवायचे राहिले. त्यामुळे ती बंडी रिव्हर्समध्ये घरी गेली, बैल मागे आणि चाकं पुढे फिरताहेत. तो पास झाला, माझ्यापेक्षा चार मार्क जास्त.

फ्लॉपीवर ती रिकामी बंडीवाली आवृत्ती नाहीये. ती "फायनल फायनल ३".