खिडकीतली मिस्सा, चौकातला क्रूस

आजचा विषय साथीच्या काळातलं ख्रिस्ती सेवाकार्य असा आहे. विषय ऐकला की डोळ्यांपुढे ठरलेली चित्रं येतात : मिशनचा दवाखाना, पांढऱ्या झग्यातल्या सिस्टर्स, धान्यासाठी लागलेली रांग. ती चित्रं खरी आहेत आणि त्यांच्यावर पुष्कळ लिहिलंही गेलं आहे. आज आपण त्यांच्या शेजारची एक गोष्ट पाहणार आहोत. साथ आली की माणूस आजारी पडतो, उपाशी राहतो, आणि तुटतोही. दार बंद होतं. आत कोण जगलं, कोण गेलं, हे बाहेर कळत नाही. बाहेर आपली आठवण कुणाला आहे का, हे आतल्याला कळत नाही. अशा माणसाशी संबंध राखणं हे सेवेचं काम, की धान्य-औषध वाटून झाल्यावर वेळ उरला तर करायची गोष्ट? आमच्या मते ते कामाच्या गाभ्यातच बसतं. जिथे ते सुटलं, तिथे लोकांनी दवाखान्यांवर दगड उचललेले आहेत. त्या प्रसंगाकडे आपण येऊच.

सुरुवात थोडी जुनी करू. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्याला रोमन साम्राज्यात एक भयंकर साथ पसरली. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी तिच्याबद्दल लिहून ठेवलं, म्हणून इतिहासात तिला त्यांचंच नाव पडलं. त्या काळात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात डायोनिसियस हे बिशप होते. तिथे अशी रीत होती, की ईस्टर कधी येतो ते कळवणारं पत्र बिशपने मंडळ्यांना धाडायचं. एका अर्थी पंचांगच म्हणा ना! पण शहरात आधी यादवी माजली आणि मागून साथ आली. एका पत्रात डायोनिसियस तक्रार करतात, की दूरदेशी निरोप पोचवणं सोपं झालंय, पण याच शहरातल्या आपल्या माणसांना गाठणं अवघड होऊन बसलंय. दुसऱ्या पत्रात ते सांगतात, की आपल्यातल्या कितीतरी जणांनी रोग्यांची शुश्रूषा केली, मेलेल्यांना न्हाऊ घातलं, आणि त्यांच्या मागोमाग तेही गेले. ही पत्रं युसेबियसने आपल्या चर्चच्या इतिहासात उतरवून ठेवली म्हणून आपल्या हाती आली.

याच पत्रात ते म्हणतात, की इतर धर्मांच्या लोकांनी मात्र आपली माणसं रस्त्यावर टाकली. हे जरा जपून वाचावं. आपल्या बाजूचा माणूस आपल्या बाजूबद्दल लिहितो तेव्हा जितकं जपावं लागतं, तितकं. आणि सेवेचीही एक दुसरी बाजू असतेच. पुढे याच अलेक्झांड्रियात रुग्णसेवा करणाऱ्यांचं 'पाराबलानी' नावाचं पथक होतं. त्यांची दांडगाई इतकी वाढली, की ४१६ साली बादशाही कायद्याने त्यांची संख्या ५०० वर बांधून टाकली. दोन वर्षांनी ती ६०० केली. सेवकांचं पथक बिशपची फौज व्हायला फार वेळ लागत नाही, एवढं ध्यानात ठेवू आणि पुढे जाऊ.

आता एकदम तेराशे वर्षं ओलांडून इटलीतल्या मिलान शहरात यायचं आहे. उडी मोठी आहे, पण लोकांना घरात कोंडायचं आणि तरीही त्यांना एकत्र ठेवायचं, हे काम बारीकसारीक तपशिलासकट आखलेलं आपल्याला तिथे दिसतं.

१५७६ च्या ऑगस्टात मिलानमध्ये प्लेग शिरला. शहर स्पेनच्या राजाच्या ताब्यात होतं. त्याचा गव्हर्नर शहर सोडून गेला, पैसेवाले सरदार गेले, आणि जाताना त्यांनी नोकरचाकरांना रस्त्यावर सोडलं. आर्चबिशप होते कार्लो बोरोमेओ, वय ३७. पोप चौथे पायस यांचे हे भाचे. म्हणजे मोठ्या घरातला, मोठ्या वशिल्याचा माणूस. स्वभावाने अतिशय कडक. कार्निव्हलची मौजमजा त्यांना खपत नसे आणि प्लेग ही लोकांच्या पापांची शिक्षा आहे, असं ते उघड सांगत. आज ते ऐकताना आपल्याला अवघडल्यासारखं होतं. पण हा माणूस शहरात राहिला.

शहराच्या वेशीबाहेर 'लाझारेत्तो' होतं. संशयितांना आणि रोग्यांना ठेवण्याची ही जागा : मधे प्रचंड मोठं अंगण आणि चारी बाजूंनी ओळीने २८० च्या वर खोल्या. तिथला कारभार पाओलो बेल्लिंतानी या कॅपुचिन संन्याशाकडे सोपवला होता आणि तो शिस्तीला फार कठोर होता. बोरोमेओ तिथे जात. थंडी पडली आणि लोकांच्या अंगावर कपडा नाही, तेव्हा त्यांनी आपल्या वाड्यातले पडदे आणि भिंतींवरची वस्त्रं उतरवून त्यांचे कपडे शिववले. लाल, जांभळ्या पडद्यांचे अंगरखे घातलेले मिलानचे गरीब लोक डोळ्यांपुढे आणून बघा! बाहेर फिरताना आर्चबिशपच्या हातात काठी असे. लोकांनी जवळ येऊ नये, अंतर राखावं म्हणून. शेकडो माणसांत वावरणाऱ्याला आपणच रोग वाहून नेऊ ही भीती होती. हा साधा हिशोब त्या काळच्या भल्याभल्यांना सुचलेला नव्हता.

ऑक्टोबरात त्यांनी मिरवणुका काढल्या, अनवाणी, गळ्यात दोर घालून. आरोग्य खात्याला त्या पसंत नव्हत्या, आणि खातं बरोबर होतं असंच आपण म्हणू. मग ऑक्टोबर सरता सरता सगळ्या शहराने घरात बसावं असा हुकूम निघाला. 'क्वारंटाइन' हा शब्दच मुळी इटालियन चाळीस या आकड्यावरून आला आहे. इथे मुदत वाढत गेली आणि मुक्काम कितीतरी लांबला. देवळं रिकामी पडली. आता करायचं काय?

बोरोमेओंनी देऊळ रस्त्यावर आणलं. चौकाचौकांत वेद्या उभारल्या, अशा जागी की आजूबाजूच्या घरांच्या खिडक्यांतून मिस्सा दिसावी. दिवसातून सात वेळा घंटा वाजे. घंटा झाली की धर्मगुरू रस्त्यातून प्रार्थना म्हणत चालायचे आणि दोन्हीकडच्या खिडक्यांतून लोक प्रतिसाद द्यायचे. पापनिवेदन ऐकायला धर्मगुरू उंबऱ्याबाहेर बसत, माणूस उंबऱ्याच्या आत. प्रार्थनांची पुस्तिका छापून घरोघर दिली होती, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द यावेत. पाओलो बिशिओला या जेझुइटाने १५७७ मध्ये छापलेल्या हकिकतीत हे सगळं येतं. एका हाकेला हजारो खिडक्यांतून उत्तर येणारं ते शहर पाहून तो भारावून गेलेला दिसतो. लाझारेत्तोतही अंगणाच्या मधोमध चारी बाजूंनी उघडी वेदी होती, की रोग्याने आपल्या खोलीच्या दारातून पाहावं.

यातून रोग बरा झाला का? नाही. शहरात सुमारे १७,००० माणसं मेली असं मानलं जातं. पण या व्यवस्थेचा एक व्यावहारिक भाग सहज नजरेतून सुटतो. दिवसातून सात वेळा घंटा होते, सात वेळा प्रत्येक खिडकी बोलते. एखादी खिडकी बोलली नाही, तर शेजाऱ्याला तेव्हाच समजणार. प्रार्थनेच्या पोटात हजेरी होती. आणि हजेरी असली की मदत कुठल्या दारी जायला हवी, ते वेगळं शोधावं लागत नाही.

साथ ओसरल्यावर चौकांतल्या वेद्यांच्या जागी खांब उभारून त्यांवर क्रूस बसवले गेले. प्रत्येक क्रूसाभोवती त्या मोहल्ल्याची एक मंडळी तयार झाली. संध्याकाळी जमून प्रार्थना करायची. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियन राजवटीत या मंडळ्या मोडल्या आणि बरेचसे क्रूसही हलवले गेले. रहदारीला अडथळा होतो, ही सबब किती जुनी आहे बघा.

मधल्या काळात मिलानवर १६३० साली पुन्हा प्लेग आला. आर्चबिशप फेदेरिको बोरोमेओ, कार्लोंचेच चुलतभाऊ. लोकांचा आग्रह वाढत गेला आणि ११ जूनला कार्लोंचं शव घेऊन सगळ्या शहरातून मिरवणूक निघाली. त्यानंतर मृत्यूंचा आकडा एकदम वर गेला. मांझोनी यांनी आपल्या कादंबरीत हा प्रसंग सविस्तर घेतला आहे. चुलतभावाच्या कामातून लोकांनी मिरवणूक तेवढी लक्षात ठेवली, खिडक्या विसरले.

क्रूस म्हटल्यावर आपल्यापैकी मुंबईकरांना काही आठवलं असेल. बांद्रा, माहीम, गिरगावातली खोताची वाडी या भागांतून हिंडताना गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस दिसतात, त्यांतले पुष्कळसे प्लेगच्या वर्षांतले आहेत. मिलानचं पाहून मुंबईत हे केलं, असं म्हणायला आधार नाही. पण अडचण तीच होती आणि तोडगाही बराचसा तोच निघाला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आहे असं निदान केलं ते डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, ख्रिस्ती. घाबरलेले लोक शहर सोडू लागले. तेव्हाचं बांद्रा हे साष्टीतलं, ठाणे जिल्ह्यातलं गाव होतं आणि तिथल्या गावठाणांत ईस्ट इंडियन लोकांची वस्ती होती. हे उत्तर कोकणातले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी १८८७ च्या सुमारास घेतलं. प्लेगच्या धास्तीने लांबच्या चर्चमध्ये दाटीवाटीने बसण्यापेक्षा गल्लीतल्या गल्लीत, उघड्यावर, क्रूसाशी जपमाळ म्हणणं बरं वाटे. संध्याकाळी दहा-वीस घरं एकत्र येत. कोण आलं, कोण नाही, हे तिथेही आपोआप कळे.

याच महिन्यांत शहरात दुसरीकडे काय चाललं होतं? २९ ऑक्टोबर १८९६ ला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. मघाशी दगडांचा उल्लेख झाला तो हा. त्या रुग्णालयात उपचार होत होते, माणसं राबत होती. पण आत गेलेल्याचं पुढे काय होतं हे बाहेर कळत नव्हतं, आणि जिथे कळत नाही तिथे अफवा राज्य करते. पुढे सरकारने जातीजमातींना आपापली प्लेग रुग्णालयं काढू दिली, पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग हॉस्पिटल सुरू केलं. तिथे खाटेजवळ ओळखीचा चेहरा असायचा. आमच्या मते औषधाइतकंच महत्त्व त्याला होतं.

पुण्याचा उल्लेख आला आहे, तर पंडिता रमाबाईंबद्दल सांगायलाच हवं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या, १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन निराधार मुलींना घेऊन आल्या. पण पुण्यात तोवर प्लेगचा अंमल सुरू झाला होता. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा, रँडची प्लेग कमिटी, सोल्जरांकडून घरझडत्या. नवीन मुलींना शहरात ठेवायला परवानगी नव्हती, म्हणून रमाबाईंनी त्यांना केडगावच्या आपल्या जमिनीवर नेलं. याच मार्चात, १० तारखेला, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचं नाव इथे मुद्दाम घेतो. साथीतली सेवा ही काही कुण्या एका धर्माची मिरास नव्हती.

मे १८९७ मध्ये रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र छापलं. पुण्याच्या प्लेग रुग्णालयात आणि छावणीत बायकामुलींच्या सुरक्षिततेची व्यवस्था नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यामागे त्यांच्याच संस्थेतल्या एका मुलीचं प्रकरण होतं. विचार करा, त्या किती अवघड जागी उभ्या होत्या! ख्रिस्ती झाल्या म्हणून पुण्यातला मोठा वर्ग दुरावलेला. दुसरीकडे त्यांचे हितचिंतक, देणगीदार परदेशातले, आणि राज्य इंग्रजांचं. अशा बाईने गप्प बसावं, असंच कुणीही सुचवलं असतं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचं म्हणणं खोडून काढलं, प्रकरण विलायतेत पार्लमेंटपर्यंत गेलं. महिन्याभरात, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सगळी चर्चा वेगळ्याच दिशेला गेली.

इतिहासकार त्या पत्राकडे बहुधा वसाहतीच्या राजकारणातला एक पुरावा म्हणून पाहतात. आपण ते आजच्या विषयात ठेवून वाचू. आश्रय दिलेली मुलगी सरकारी छावणीत गेली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं रमाबाईंनी मानलं नाही. ती कुठे आहे आणि कुणाच्या ताब्यात आहे, हे विचारण्याचा हक्क त्यांनी धरून ठेवला. मिलानमध्ये घंटेने जे केलं, गल्लीतल्या क्रूसाने जे केलं, ते इथे एका पत्राला करावं लागलं, आणि विरोधाच्या सुरात करावं लागलं.

श्रोत्यांकडून एक चिठ्ठी आली आहे : मुंबईतला प्रत्येक जुना क्रूस प्लेगचाच समजायचा का? नाही. काही त्याहून कितीतरी जुने आहेत, काही एखाद्या कुटुंबाने नवस फेडायला किंवा कुणाच्या स्मरणार्थ बांधलेले आहेत. चौथऱ्यावर वर्ष कोरलेलं असतं, पण रंगाचे थर चढून ते बुजतं. २०१७ मध्ये बांद्र्याच्या बाजार रोडवरचा एक जुना क्रूस महापालिकेने पाडला, तेव्हा तो कधीचा यावरच वाद झाला. तेव्हा तुमच्या भागात असा क्रूस असेल, तर रंगरंगोटी होण्याआधी त्यावरचं वर्ष वाचून घ्या, एक फोटो काढून ठेवा, आणि मे महिन्यात तिथे संध्याकाळी जपमाळ होत असेल तर मागे उभं राहून ऐका. प्रार्थना संपल्यावर उकडलेले चणे बहुतेक तुमच्याही हातावर पडतील.