भंडारदऱ्याला बाईकवर जाताय? रेंज नसताना ११२ ला जागा कशी सांगाल

पावसाळ्यात शेंडी, रतनवाडी, घाटघर हा भंडारदरा धरणाभोवतीचा रस्ता बाईकवाल्यांनी भरून जातो. हा भाग राजूर पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो, पण धुक्यात प्रत्येक वळणावर गस्त असणं शक्य नाही. बाईक घसरली तर नेमकी जागा तुम्हालाच सांगावी लागते.

रेंज वेगळी, जीपीएस वेगळं. जीपीएस थेट उपग्रहांचे सिग्नल पकडतं, त्यामुळे नेट नसतानाही जागा कळते. फक्त त्या भागाचा नकाशा घरूनच डाउनलोड करून घ्या. गूगल मॅप्समध्ये निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे दिसतात. ११२ ला तेच वाचून दाखवा.

तुमच्या कंपनीची रेंज नसली, तरी ११२ चा कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. म्हणून लावून बघाच. आसपास कुठलाच टॉवर नसेल, तर आकडे कागदावर लिहून एकाला रेंजच्या ठिकाणी पाठवा. जखमीजवळ मात्र कुणीतरी थांबा.

आणि हो, हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही लागतं, पट्टा लावूनच. फोन नंतर कामाला येतो, हेल्मेट आधी.